हायकोर्ट नेमकं काय बघतं? जमीन, ४९८-अ आणि नोकरी, तीन केस धरून सविस्तर

प्रश्न विचारणारे सांगली जिल्ह्यातले आहेत आणि त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: चुलत्यांविरुद्ध जमिनीच्या वाटणीचा दावा केला होता, तो हरलो, जिल्हा कोर्टात अपील केलं, तेही हरलो. धाकट्या भावाच्या बायकोने घरातल्या सगळ्यांवर ४९८-अ (सासरी छळ केल्याचा गुन्हा) टाकलंय, त्यात लग्न होऊन दुसऱ्या गावी असलेल्या बहिणीचंही नाव आहे. आणि मी स्वतः कंडक्टर होतो, पैसे घेऊन तिकीट दिलं नाही म्हणून कामावरून काढलं, लेबर कोर्ट आणि इंडस्ट्रियल कोर्ट दोन्हीकडे निकाल विरोधात गेला. सगळे म्हणतात हायकोर्टात जा, तिथे सगळं पहिल्यापासून ऐकतात. खरंय का?

दादा, खरं नाही. काही केसमध्ये हायकोर्ट पुरावा पहिल्यापासून बघतं, पण तुमच्या तीनपैकी एकही त्यात बसत नाही. मी बरीच वर्षं हायकोर्टाच्या अपील शाखेत प्रॅक्टिस करतेय आणि पहिल्यांदा आलेल्या जवळजवळ प्रत्येक क्लायंटच्या मनात हेच असतं की वरचे जज म्हणजे जास्त मोठे जज, त्यांना खरं काय ते कळेलच. पण तिथे बसलेल्या जजसाहेबांपुढचे प्रश्न दोनच असतात, खालच्या कोर्टाने किंवा अधिकाऱ्याने नेमकी काय चूक केली, आणि ती दुरुस्त करायचा अधिकार मला कुठल्या कलमाखाली आहे. तुम्ही खरे की चुलते खरे हा प्रश्न खाली संपलेला असतो. हे एकदा नीट समजलं की पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही ते तुमचं तुम्हालाच कळेल.

आधी जमीन. दिवाणी दाव्यात पहिलं अपील असतं तेव्हा फॅक्ट (काय घडलं) आणि लॉ (कायदा काय सांगतो) दोन्ही उघडे असतात, साक्षीपुरावा परत वाचतात, आणि सीपीसी (दिवाणी प्रक्रिया संहिता) ऑर्डर ४१ रूल ३१ प्रमाणे अपिलाच्या कोर्टाला मुद्दे काढून प्रत्येकावर कारणं द्यावी लागतात. तुमचं पहिलं अपील जिल्हा कोर्टात झालं, म्हणजे ती संधी तिथे वापरून झाली. हायकोर्टात आता सेकंड अपील, कलम १००, आणि १९७६ च्या दुरुस्तीनंतर सेकंड अपील फक्त ‘सबस्टॅन्शियल क्वेश्चन ऑफ लॉ’ (कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न) वरच चालतं. तो प्रश्न कोर्टाला स्वतः लिहून काढावा लागतो, त्याशिवाय अपील ऐकताच येत नाही. कशाला असा प्रश्न म्हणायचं याची कसोटी सुप्रीम कोर्टाने १९६२ मध्येच सर चुनीलाल मेहता केसमध्ये सांगितली, ती मुंबईचीच केस, आणि आजही तीच वापरतात.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. ॲडमिशनच्या (अपील ऐकायला घ्यायचं की नाही हे ठरवायच्या) बोर्डावर मॅटर लागतं, तुमचा वकील उभा राहतो, आणि जजसाहेबांचा पहिला प्रश्न असतो, क्वेश्चन ऑफ लॉ काय आहे, दोन्ही कोर्टांचे फाइंडिंग (पुराव्यावरून काढलेले निष्कर्ष) एकसारखे आहेत. इथे ज्याने ‘साहेब, आमच्या साक्षीदारावर विश्वासच ठेवला नाही’ असं सुरू केलं त्याचं मॅटर काही मिनिटांत संपतं, कारण साक्षीदारावर विश्वास ठेवायचा की नाही हा फॅक्टचा भाग झाला. मग तुमच्या केसमध्ये लॉ कुठे निघू शकतो? तुम्ही लिहिलंय की चुलत्यांनी जुनं वाटणीपत्र दाखवलं, ते रजिस्टर नाही, आणि सातबाऱ्यावर फेरफार त्यांच्या नावचा आहे. इथे खरंच काहीतरी आहे. आपल्याकडे घराघरात स्टॅम्पपेपरवर किंवा वहीच्या पानावर लिहिलेली वाटणीपत्रं असतात आणि त्यांचे दोन प्रकार पडतात. त्या कागदानेच वाटणी होत असेल, म्हणजे ‘आज रोजी अमुक गट नंबर अमक्याला देण्यात येत आहे’ अशी भाषा असेल, तर तो रजिस्ट्रेशन कायद्याच्या कलम १७ मध्ये येतो, आणि रजिस्टर नसेल तर कलम ४९ मुळे मालकी दाखवायला तो पुराव्यात वाचता येत नाही. पण वाटणी आधीच तोंडी झाली होती, प्रत्येक जण आपापलं कसत होता, आणि नंतर फक्त आठवण राहावी म्हणून लिहून ठेवलं, तर त्याला रजिस्ट्रेशन लागत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९७६ च्या काले केसमध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे तुमचं सगळं सेकंड अपील त्या कागदाच्या क्रियापदावर अवलंबून आहे, ‘वाटून देत आहे’ लिहिलंय की ‘वाटून घेतले होते’ लिहिलंय. तो कागद आधी मिळवा आणि वकिलाला ओरिजिनल भाषेत वाचायला द्या, जजमेंटमधला इंग्रजी सारांश पुरत नाही.

फेरफाराचं म्हणाल तर फेरफार झाला म्हणून कोणी मालक होत नाही, ती नोंद महसुलासाठी असते, जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे ती बरोबर आहे असं गृहीत धरतात पण उलट पुरावा देता येतो. दोन्ही कोर्टांनी निव्वळ फेरफारावर वाटणी मान्य केली असेल तर तो कायद्याचा मुद्दा होऊ शकतो. पण त्याबरोबर वेगळी वहिवाट, वेगळं कर्ज, वेगळी विहीर, शेजाऱ्यांच्या साक्षी असं बरंच असेल, तर हायकोर्ट म्हणेल की पुरावा होता, त्याचं वजन खालच्यांनी ठरवलं, मी त्यात जाणार नाही. पुरावाच नसताना फाइंडिंग दिलं किंवा महत्त्वाचा कागद वाचलाच नाही, त्याला ‘पर्व्हर्स’ म्हणतात आणि तिथे हस्तक्षेप होतो. अजून एक, स्टॅम्प कमी आहे ही हरकत कागदाला एक्झिबिट नंबर पडताना घेतली नसेल तर वर घेता येत नाही, त्यामुळे ती आशा ठेवू नका. आणि अपील फाइल केलं म्हणजे आपोआप स्टे मिळतो असंही नाही, तो वेगळा मागावा लागतो.

(भूसंपादनाचा वाढीव मोबदला आणि मोटार अपघाताची नुकसानभरपाई, यांची अपिलं फर्स्ट अपील म्हणून हायकोर्टात येतात आणि तिथे आकडे परत तपासले जातात. तो वेगळा विषय आहे, पण गावात कुणाला हायकोर्टात पैसे वाढवून मिळाले म्हणून तुमच्या केसमध्येही तसंच होईल असं समजू नका.)

आता ४९८-अ. १ जुलै २०२४ नंतरच्या घटनेचा गुन्हा असेल तर कलम नंबर भारतीय न्याय संहितेचं ८५ असेल, आणि एफआयआर रद्द करायचा अर्ज, जो पूर्वी सीआरपीसी (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) ४८२ खाली व्हायचा, तो आता बीएनएसएस (तिच्या जागी आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) ५२८ खाली. आपल्या हायकोर्टात हे मॅटर दोन जजच्या बेंचपुढे जातं. इथे हायकोर्ट काय बघतं? एफआयआर आणि चार्जशीट आली असेल तर चार्जशीट, त्यात जे लिहिलंय ते सगळं खरं धरलं तरी गुन्हा होतो का, एवढंच. खोटंय हे आम्ही साक्षीदार आणून दाखवतो म्हटलं तर उत्तर येतं, ते ट्रायलमध्ये दाखवा, आम्ही इथे मिनी ट्रायल करणार नाही. १९९२ मध्ये रिपोर्ट झालेल्या भजनलाल केसमधले सात प्रकार अजूनही प्रत्येक क्वॅशिंग (एफआयआर रद्द करायच्या) पिटिशनमध्ये असतात. आणि २०२१ मध्ये निहारिका इन्फ्रास्ट्रक्चर केसमध्ये, जी मुंबई हायकोर्टाच्या ऑर्डरवरूनच वर गेली होती, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तपास चालू असताना कारण न देता ‘नो कोअर्सिव्ह स्टेप्स’ (अटकेसारखी सक्तीची कारवाई करू नका) अशा ऑर्डर सरसकट देऊ नका. त्यामुळे पिटिशन टाकली की दुसऱ्या दिवशी संरक्षण मिळेल हे आता गृहीत धरता येत नाही, अटकेची भीती असेल तर अटकपूर्व जामिनाचा मार्ग वेगळा बघावा लागतो.

तुमच्या बहिणीची बाजू मात्र चांगली दिसतेय. नवऱ्याच्या सगळ्या नातेवाइकांना एकाच वाक्यात गुंडाळलेलं असतं, ‘सासू, सासरे, नणंद यांनी संगनमत करून त्रास दिला’, आणि कोणी काय केलं, कधी केलं, कुठे केलं काहीच नसतं, तेव्हा हायकोर्ट त्या नातेवाइकांपुरती एफआयआर रद्द करतं, सुप्रीम कोर्टानेही २०१२ च्या गीता मेहरोत्रा केसपासून हेच सांगितलंय. म्हणून एफआयआर घ्या, बहिणीचं नाव जिथे जिथे आलंय तिथे पेन्सिलने खूण करा, आणि बघा की प्रत्येक ठिकाणी तिची स्वतःची अशी एखादी कृती, तारीख, जागा दिलीय का. दिली असेल, म्हणजे ‘अमुक सणाला आली तेव्हा हिने दागिने काढून घेतले’ असं असेल, तर अवघड होतं. नवरा आणि सासू-सासरे यांच्याबाबत आरोप बहुतेक वेळा स्पष्ट असतात आणि त्यांचं क्वॅशिंग सहसा होत नाही, वकील कोणीही असला तरी. एक पिटिशन सगळ्यांची टाकली आणि बेंच म्हणाला की नवऱ्याचं ऐकणार नाही, तर त्याच्यापुरती विथड्रॉ करून बाकीच्यांची चालवतात, हे रोजचं आहे.

आणि तडजोड झाली तर? २०१२ च्या ग्यान सिंग केसनंतर नवरा-बायकोचे, पैशाचे, शेजाऱ्यांचे असे खाजगी स्वरूपाचे गुन्हे दोघांच्या संमतीने रद्द होतात, खून, बलात्कार, दरोडा असे होत नाहीत. फिर्यादीला ॲफिडेव्हिट द्यावं लागतं आणि बहुतेक बेंच तिला समोर बोलावून विचारतात की दबाव आहे का, ठरलेली रक्कम मिळाली का. ती मुलगीही कुणाची तरी लेक आहे, तिला तिचं स्त्रीधन परत मिळालं पाहिजे, हे मी आरोपीच्या बाजूने उभी असतानाही क्लायंटला स्पष्ट सांगते, आणि तडजोड टिकते ती अशीच.

क्रिमिनलमध्ये हायकोर्ट सगळं पहिल्यापासून बघतं ते शिक्षेविरुद्धच्या अपिलात. सेशन्स कोर्टाने जन्मठेप दिली की दोन जजच्या बेंचपुढे पेपरबुक (खालच्या कोर्टातल्या सगळ्या कागदांचं पुस्तक) येतं, प्रत्येक साक्षीदाराची उलटतपासणी ओळ न ओळ वाचली जाते. मला हा भाग या कामातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आत बसलेल्या माणसाला तोच एक आधार असतो. प्रत्यक्ष बघणारा साक्षीदार नसेल तर १९८४ चं सारडा जजमेंट, तेही महाराष्ट्रातलंच, त्यातली पाच तत्त्वं: प्रत्येक परिस्थिती पूर्ण सिद्ध हवी, ‘असू शकेल’ चालत नाही, सगळ्याची साखळी अशी हवी की आरोपीशिवाय दुसऱ्या कुणी केलं असण्याला जागाच राहू नये. समजा कोयता आरोपीने काढून दिला असा पंचनामा आहे. अपिलात बघतात की ती जागा सगळ्यांसाठी उघडी होती का, पंच फुटला का, कोयत्याला जागेवर सील केलं का, केमिकल ॲनालायझरकडे पोचेपर्यंत मुद्देमाल कुणाच्या ताब्यात होता, त्यावरचं रक्त कुठल्या गटाचं हे निघालं का, आणि हा पुरावा आरोपीला सीआरपीसी ३१३ च्या जबाबात (पुराव्याबद्दल कोर्ट आरोपीलाच विचारतं तो) विचारला का. विचारलाच नसेल तर तो त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, हेही सारडातच आहे. सीसीटीव्ही किंवा मोबाइलचं रेकॉर्ड असेल तर त्याचं सर्टिफिकेट आहे का हे बघतात, २०२० च्या खोतकर-गोरंट्याल निकालाने (जालन्याची निवडणूक केस, औरंगाबाद खंडपीठातून वर गेलेली) ते बंधनकारक ठरवलं. अपील ऐकायला येईपर्यंत वर्षं जातात, म्हणून शिक्षा स्थगित करून जामिनाचा अर्ज सोबतच करतात.

निर्दोष सुटलेल्याविरुद्ध अपील असेल तर उलटं. सुप्रीम कोर्टाची २००७ ची चंद्रप्पा केस सांगते, पुराव्यावरून दोन मतं होऊ शकत असतील आणि खालच्या कोर्टाने आरोपीच्या बाजूचं घेतलं असेल, तर दुसरं मत पटतंय म्हणून हायकोर्ट शिक्षा देत नाही. लोकांना याचा राग येतो, पण त्यामागे विचार आहे.

आता तुमची नोकरी, हे जरा जास्त सांगते कारण इथे गैरसमज सगळ्यात जास्त आहेत. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड म्हणजे नवे कामगार कायदे लागू झालेत, पण आज हायकोर्टाच्या बोर्डावरची मॅटर जुन्या कायद्याखाली सुरू झालेली आहेत, म्हणून मी जुनीच कलमं घेतेय.) तुम्ही एमआरटीयू-पीयूएलपी (अनफेअर लेबर प्रॅक्टिस, म्हणजे कामगारांशी अनुचित वागणूक रोखणारा महाराष्ट्राचा) कायद्याखाली, शेड्यूल चार आयटम एकची, म्हणजे अन्यायाने कामावरून काढल्याची तक्रार लेबर कोर्टात केली असणार, मग कलम ४४ ची रिव्हिजन इंडस्ट्रियल कोर्टात, आणि आता रिट. रिट म्हणजे अपील नाही. राज्यघटनेच्या कलम २२७ खाली हायकोर्ट खालचं कोर्ट अधिकाराच्या हद्दीत राहिलं का एवढं बघतं, फॅक्टची चूक दुरुस्त करत नाही, रिटबद्दल १९६४ च्या सय्यद याकूब केसमध्येही हेच सांगितलंय.

कंडक्टरच्या केसमध्ये नेहमीचा मुद्दा असतो की प्रवाशाची साक्षच घेतली नाही, मग पैसे घेतले हे सिद्ध कसं झालं. याचं उत्तर सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्ये देऊन ठेवलंय, रतन सिंग केस, तोही कंडक्टरच होता. खातेनिहाय चौकशीला पुरावा कायदा कडकपणे लागू होत नाही, चेकिंग करणाऱ्याची साक्ष विश्वासार्ह असेल तर प्रवासी आणला नाही म्हणून चौकशी रद्द होत नाही, थोडातरी पुरावा असला की पुरतं. रक्कम फक्त पंधरा रुपये होती हा मुद्दाही सहसा चालत नाही, कोर्ट म्हणतं की कंडक्टरची नोकरी विश्वासावर आहे.

मग काय चालतं? चौकशी कशी झाली ते. चार्जशीटमध्ये आरोप स्पष्ट होता का, कागदपत्रं दिली का, चेकिंगवाल्याची उलटतपासणी करू दिली का, चौकशी अधिकाऱ्याचा रिपोर्ट तुम्हाला देऊन शिक्षेआधी म्हणणं मागवलं का. रिपोर्ट न देणं चूक आहे हे १९९३ च्या करुणाकर केसमध्ये ठरलंय, पण त्याच केसमध्ये असंही आहे की रिपोर्ट न मिळाल्याने तुमचं काय नुकसान झालं ते दाखवावं लागेल. दुसरं, शिक्षेचं प्रमाण. शेड्यूलमध्येच लिहिलंय की किरकोळ किंवा तांत्रिक गैरवर्तनासाठी, मागचं रेकॉर्ड न बघता, धक्कादायक जास्त शिक्षा दिली तर ती अनफेअर लेबर प्रॅक्टिस. म्हणजे पैसे घेतले आणि तिकीट नाही, हे वेगळं, आणि गर्दीत अजून तिकीट काढणं चालू होतं, बॅगेतली कॅश वेबिलशी (तिकिटांच्या हिशोबाच्या कागदाशी) जुळत होती, हे वेगळं. कॅश तपासली का आणि ती बरोबर निघाली का, हा एक कागद तुमच्या सगळ्या केसची दिशा बदलू शकतो. तो चौकशीत दाखल झाला नसेल तर हायकोर्टात पहिल्यांदा दाखवून फारसा उपयोग नाही, रेकॉर्डवर असून दोन्ही कोर्टांनी वाचला नसेल तर मात्र रिट दाखल करण्यासारखी आहे. आणि कुणी सांगितलं की पोलीस केसमधून सुटलात म्हणजे नोकरी परत मिळेल, तर ते आपोआप होत नाही, आरोप आणि पुरावा तोच असेल आणि सन्मानाने सुटका झाली असेल तरच कोर्ट त्याला वजन देतं.

जे कामगार खाली जिंकलेत त्यांच्यासाठी. मालक हायकोर्टात गेला तर इंडस्ट्रियल डिस्प्यूट्स ॲक्टच्या १७-बी खाली, कामावर घेण्याच्या अवॉर्डविरुद्धची केस चालू असेपर्यंत शेवटचा पगार मिळतो, फक्त मी कुठेही कामाला नाही असं ॲफिडेव्हिट करावं लागतं. हे वेळेत सांगायला कुणी नसल्यामुळे माणसं वर्षानुवर्षं बिनपगारी बसून राहिलेली मी पाहिलीत, त्याचं मला फार वाईट वाटतं. मागच्या पगाराचंही तसंच, २०१३ च्या सुरवसे केसमध्ये, जी औरंगाबादच्या एका शिक्षिकेची होती, हायकोर्टाने काढून घेतलेला मागचा पगार सुप्रीम कोर्टाने परत दिला आणि सांगितलं की बेकायदा काढलं असेल तर कामावर घेणं आणि मागचा पगार हा साधारण नियम आहे. पण मी दुसरीकडे नोकरीला नव्हतो हे कामगाराने आधी म्हणावं लागतं, मग ते खोडायचं ओझं मालकावर.

हंगामी, रोजंदारीवाल्यांना सुप्रीम कोर्टाच्या २००६ च्या उमादेवी निकालाची भीती दाखवतात की कायम करताच येत नाही. पण २००९ मध्ये एसटीच्या बस साफ करणाऱ्या कामगारांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की उमादेवीने इंडस्ट्रियल कोर्टाचे अधिकार काढून घेतलेले नाहीत, वर्षानुवर्षं हंगामी ठेवून कायमपणाचे फायदे नाकारले तर त्याच शेड्यूल चारच्या आयटम ६ खाली कायम करता येतं. डिसेंबर २०२४ च्या जग्गो केसनेही उमादेवीचा असा दुरुपयोग करू नका असं म्हटलंय. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी मात्र थेट हायकोर्टात यायचं नाही, आधी मॅट (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण), त्यानंतर दोन जजच्या बेंचपुढे रिट, आणि खाजगी शाळेतल्या शिक्षकांना स्कूल ट्रिब्युनलमध्ये अपिलाला ३० दिवसच असतात.

तुमच्यासाठी आत्ताचं काम. सेकंड अपिलाला जिल्हा कोर्टाच्या डिक्रीपासून ९० दिवस, सर्टिफाइड कॉपी मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, म्हणून कॉपीचा अर्ज आजच टाका. रिटला ठराविक मुदत नाही पण उशिराचं कारण विचारतातच, वर्ष-दोन वर्षं घालवू नका. सांगली आता कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहे, १८ ऑगस्ट २०२५ पासून, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, कोल्हापूरही तिथेच, त्यामुळे मुंबईच्या खेपा वाचल्या. वकिलाकडे जाताना फक्त जजमेंट नेऊ नका. जमिनीसाठी वाटणीपत्र आणि दोन्ही बाजूंच्या उलटतपासण्या, बहिणीसाठी एफआयआर आणि चार्जशीटमधले सगळे जबाब, नोकरीसाठी चौकशीची पूर्ण फाइल, वेबिलसकट. त्यांनी ते वाचून तिन्हीपैकी एखादं करू नका असं सांगितलं तर त्याचं कारण विचारा, आणि ते कारण वर लिहिलेल्यापैकी असेल तर त्यांचं ऐका. माझा अंदाज विचाराल तर बहिणीची पिटिशन आधी टाका, जमिनीचं वाटणीपत्राची भाषा बघून ठरवा, आणि नोकरीची रिट कॅशचा कागद रेकॉर्डवर सापडला तरच करा.